कलगी कुणाची, तुरा कुणाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मध्यंतरी एका महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी दोन दिवसांची परिषद भरवली होती. विषय होता 'लोकप्रिय संस्कृती आणि अस्मिता'. निबंध वाचणारे सगळे विद्यार्थीच, आणि तेही एका विषयाचे नव्हेत. मराठीचे होते, इतिहासाचे होते, समाजशास्त्राचे होते, संगीताचे होते. वाणिज्य शाखेची दोन मुलंही होती. त्यांनी जत्रेतल्या तमाशाच्या तिकीटविक्रीचा हिशेब मांडला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनाच विचारले गेले. माझ्यासारख्या बी.ए.वर थांबलेल्या माणसाला त्यांनी बोलावलं ते मी मराठीत कविता लिहितो म्हणून, आणि मी मुसलमान आहे म्हणूनही. हे दुसरं कारण निमंत्रणपत्रात नव्हतं. पण विषयातच 'अस्मिता' हा शब्द असल्यावर ते वेगळं लिहावं लागत नाही.

तिथे एका मुलीनं मला विचारलं, "सर, तुम्ही आधी मराठी की आधी मुसलमान?" तिच्या विचारण्यात खोच नव्हती, कुतूहल होतं. मी लिहायला लागल्यापासून हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारत आलं आहे. कुणी प्रेमानं, कुणी तपासणीच्या सुरात. आमच्या घरात दखनी बोलतात. त्या दखनीतलं 'नक्को' हे मराठीतलंच 'नको' आहे, आणि एखादी गोष्ट ठासून सांगताना आम्ही शब्दाच्या शेवटी जो 'च' लावतो तोही मराठीचाच. जिभेवरच जिथं असं मिश्रण आहे तिथं 'आधी' काय आणि 'नंतर' काय, हे सांगायचं कसं? तिला मी थोडक्यात जे सांगितलं ते आज जरा विस्तारानं सांगतो. कारण या प्रश्नाचं उत्तर माझ्या चरित्रात शोधण्यापेक्षा मराठी मुलखाच्या करमणुकीच्या इतिहासात शोधलेलं बरं. एवढंच नव्हे, तर हा 'आधी काय' असा प्रश्न विचारण्यालाही एक इतिहास आहे.

आपण तमाशाच्या फडापासूनच सुरुवात करू. 'शाहीर' हा शब्द अरबी 'शायर'वरून आला. 'तमाशा' अरबीतून फारसीमार्गे आला. 'मुजरा', 'सवाल', 'जबाब', 'डफ', 'तुरा', 'कलगी' हे सगळे शब्द त्याच वाटेनं आले. आणि 'फड', 'गण', 'गौळण', 'तुणतुणं', 'झीलकरी' हे इथल्या मातीतले. तमाशाच्या बारीची सुरुवात होते गणानं, म्हणजे गणपतीच्या स्तवनानं. मग गौळण, मग लावण्या आणि सवाल-जबाब, मग वग, आणि शेवटी मुजरा. म्हणजे एकाच रात्रीत प्रेक्षक गणपतीपासून मुजऱ्यापर्यंत जातो, आणि यातलं आपलं कोणतं आणि परकं कोणतं हे त्याच्या मनातही येत नाही. डफावर थाप पडली की तो डफ अरबस्तानातून आला की नाही हे कुणी विचारत नाही. तो वाजतो कसा, एवढंच बघतात.

शाहिरांचे दोन पंथ आपल्याला ठाऊक आहेत, कलगीवाले आणि तुरेवाले. त्यांच्या उगमाची एक आख्यायिका मध्य भारतापासून महाराष्ट्रापर्यंत सांगितली जाते. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर, दोघेही कवित्व करणारे. त्यांचा सवाल-जबाब रंगला आणि खूश झालेल्या राजानं एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. तुकनगिराचे ते तुरेवाले, शाह अलीचे ते कलगीवाले. आता यातली गंमत बघा. तुरेवाले शिवाला, म्हणजे ब्रह्माला श्रेष्ठ मानतात. कलगीवाले शक्तीला, म्हणजे आदिमायेला श्रेष्ठ मानतात. ज्या पंथाचा मूळ पुरुष मुसलमान फकीर सांगितला जातो, तोच पंथ रात्र रात्र देवीचा कैवार घेऊन भांडतो! कोकणात आजही शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. तिथं शक्तीवाल्यांच्या बाजूनं उभा राहणारा शाहीर धर्मानं कोण आहे यावरून त्याची बाजू ठरत नाही. त्याची बाजू त्याच्या गुरूवरून, त्याच्या फडावरून ठरते. आख्यायिका खरी की खोटी हा इतिहासकारांचा प्रश्न. पण पिढ्यान् पिढ्या लोकांना अशीच आख्यायिका सांगावीशी वाटली, ही गोष्ट मात्र खरी आहे, आणि तीही इतिहासच आहे.

उत्तर पेशवाईतले नामवंत शाहीर घ्या. सोलापूरचा राम जोशी आणि संगमनेरचा अनंत फंदी हे ब्राह्मण. होनाजी गवळी, तो रचायचा आणि त्याचा जोडीदार बाळा गायचा. परशराम शिंपी. कोकणातल्या मुरुडचा प्रभाकर. आणि सगनभाऊ मुसलमान, धंद्यानं शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा. मूळचा जेजुरीचा, नाव झालं पुण्यात. अनंताला 'फंदी' हे नाव मलिक फंदी नावाच्या फकिराच्या मैत्रीतून पडलं असं सांगतात. म्हणजे ब्राह्मण शाहिराच्या नावात फकिराचं नाव, आणि मुसलमान शाहिराच्या नावात 'भाऊ'. होनाजी आणि सगनभाऊ यांची चढाओढ त्या काळी गाजली. ती हिंदू-मुसलमानांची चढाओढ होती असं कुणीही म्हटलेलं नाही. ती दोन फडांची चढाओढ होती. लोक कौल द्यायचे तो लावणीला.

सगनभाऊच्या लावणीत कोणती भाषा आहे? ज्या पेठेत तो धार लावायला बसला असेल त्या पेठेची. कृष्ण आहे, गौळणी आहेत, पुण्यातल्या बायकांचे दागिने आहेत, नवरा मोहिमेवर गेल्यानं झुरणारी स्त्री आहे. शिकलगाराला मोहीम म्हणजे काय हे ठाऊक असणारच. मोहिमेवर जाणाऱ्यांच्या तलवारी त्याच्याकडेच यायच्या. मला स्वतःला त्याच्या लावणीतली विरहिणी यासाठी जवळची वाटते. ती कुणा कवीच्या कल्पनेतून आलेली नाही, गिऱ्हाइकाच्या घरातून आलेली आहे. माणसाची ओळख त्याच्या कामातून होते ती अशी.

यावर कुणी म्हणेल, जुना काळ किती चांगला होता हेच तुम्ही सांगताय. तसं नाही. या फडात जात होती. नाचणारी स्त्री बहुतेक वेळा दलित नाहीतर भटक्या समाजातली असायची, तिला टाळ्या मिळायच्या आणि गावात घर मिळायचं नाही. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १८६६चा जन्म. ब्राह्मणपण सोडून ते तमाशात आले, महार समाजातल्या पवळाबरोबर त्यांनी फड गाजवला. पण ही जोडी लोकांनी डोक्यावर घेतली तरी त्या दोघांच्या जातींमधली भिंत गावात तशीच राहिली. फडावर ओळखी एकमेकींत मिसळत होत्या, फडाबाहेर त्या पुन्हा वेगळ्या होत होत्या. माझं म्हणणं एवढंच आहे की फड ही अशी एक जागा होती जिथं 'तू आधी कोण' हा प्रश्न विचारल्याशिवाय काम सुरू होत होतं.

मग हा प्रश्न आला कुठून? त्याची एक वाट सरकारी कागदातून आली. १८७२ साली आणि मग १८८१ पासून दर दहा वर्षांनी देशभर शिरगणती होऊ लागली. धर्म, जात, मातृभाषा यांचे रकाने आले. रकान्याला एकच उत्तर लागतं. 'घरात दखनी, बाजारात मराठी, नमाजात अरबी' असं उत्तर रकान्यात मावत नाही. शिरगणतीनं माणसांमधले भेद निर्माण केले असं मी म्हणणार नाही. भेद आधीपासून होतेच. पण एका माणसाच्या चार ओळखींमधून एक निवडा आणि ती कायमची लिहा, ही सवय मात्र कागदानं लावली.

दुसरी वाट खुद्द लोकप्रिय संस्कृतीतूनच आली, आणि ती सांगताना मला थोडं जड जातं. एकोणिसाव्या शतकात पुण्यात मोहरमचे ताबूत निघत. त्यात हिंदू मोठ्या संख्येनं सामील होत. ताबुतांपुढे नाचणाऱ्या-गाणाऱ्या टोळ्या असत आणि त्यांतले पुष्कळ गाणारे हिंदू असत. १८९३ साली प्रभासपाटण आणि मुंबईला दंगली झाल्या. त्याच सुमारास सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर आला, आणि १८९४च्या उत्सवात गणपतीपुढे गाणारे मेळे निघाले. या मेळ्यांची घडण ताबुतांपुढच्या टोळ्यांसारखीच होती. तसेच पोशाख, तशीच एका सुरात गाणारी पोरं. पण त्यांच्यातल्या काही मेळ्यांच्या गाण्यांतून हिंदूंनी मोहरममध्ये जाऊ नये असं सांगितलं गेलं. आणि लोकांनी ते ऐकलं. त्यानंतर पुण्यातल्या ताबुतांमधला हिंदूंचा सहभाग झपाट्यानं घटला.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. त्याच गणेशोत्सवातून, त्याच मेळ्यांतून पुढे किती गायक, किती नट तयार झाले. परकीय सत्तेविरुद्ध लोक तिथंच एकत्र आले. तो उत्सव आज कितीतरी गावांत मुसलमान कार्यकर्त्यांच्याही मदतीनं होतो. आणि ताबुतांचं म्हणाल तर सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंचच उंच ताबूत आजही हिंदू-मुसलमान मिळून उचलतात. तेव्हा एका उत्सवाला दोष देऊन हा विषय संपत नाही. मुद्दा असा आहे की गाणं हे नुसतं करमणुकीचं साधन नसतं. एका वर्षाच्या गाण्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं की तुम्ही कोण आहात आणि कोण नाही. लोकप्रिय संस्कृती अस्मितेचा आरसा आहे असं आपण म्हणतो. आरसा दाखवतो फक्त. गाणं घडवतं आणि कधी कधी मोडतंही.

घडवण्याचं एक ठळक उदाहरण म्हणजे पोवाडा. शिवाजी महाराजांच्या हयातीत अज्ञानदासानं अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचला. ती घटना १६५९ची. त्यानंतर दोनशे दहा वर्षांनी, १८६९ साली, महात्मा जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला. राजा तोच, काव्यप्रकार तोच. पण फुल्यांचा राजा शेतकऱ्यांचा, कुळवाड्यांचा राजा आहे. जे वाचत नव्हते, पण ऐकत होते, त्यांना फुल्यांनी पोवाड्यातून सांगितलं की हा राजा तुमचा आहे. पुढे सत्यशोधक जलसे आले, १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसे आले. त्यांनी तमाशाचाच साचा घेतला आणि गणाच्या जागी बाबासाहेबांचं स्तवन आणलं. ज्या कलेनं त्यांच्या आयाबहिणींना नाचवलं होतं, त्याच कलेतून त्यांनी माणूसपणाचा दावा मांडला. अस्मिता हा शब्द आज आपण भांडणाच्या अर्थानं वापरतो. इथं ती अस्मिता म्हणजे ताठ मानेनं उभं राहणं होतं.

अशाच वळणावर बार्शीचा एक मुलगा येतो. मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६. आईचं नाव मुनेरबी. ओव्या आणि लोकगीतं या आईच्या तोंडून त्याच्या कानावर पडली. त्यानं गिरणीत काम केलं, मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, संपात तुरुंग पाहिला. पुढे महाराष्ट्रानं त्याला ओळखलं ते शाहीर अमर शेख या नावानं. हे नाव मला नेहमी विचार करायला लावतं. 'अमर' संस्कृतातून आलेला, 'शेख' अरबीतून आलेला, आणि दोन्ही मिळून माणूस अस्सल सोलापुरी. १९४४च्या सुमारास अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणगावातल्या चाळींच्या चौकात ते गात. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, तेव्हा अण्णाभाऊंसारख्यांनी त्याच ऐवजाला 'लोकनाट्य' म्हणून उभं केलं. नाव बदललं, डफ तोच राहिला.

मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा आला. शंभरावर माणसं गोळीबारात गेली. १ मे १९६० रोजी राज्य झालं. त्या चार-पाच वर्षांत सभेआधी लाखांच्या गर्दीला जागेवर बसवणारा आवाज होता अमर शेखांचा. आज 'मराठी अस्मिता' हे शब्द आपण ज्या अर्थानं वापरतो, त्या अर्थाची घडण त्या मैदानांवर झाली. ती घडवणाऱ्यांत वाटेगावच्या मातंग वस्तीतले अण्णाभाऊ होते आणि बार्शीच्या मुनेरबीचा मुलगा होता. अण्णाभाऊंच्या 'माझी मैना' या छक्कडमध्ये मुंबईत पोट भरायला आलेल्या माणसाची गावाकडे राहिलेली बायको आहे. नवऱ्याबायकोची ताटातूट सांगता सांगता तो राज्याच्या सीमेवर तुटून राहिलेल्या मुलखाची ताटातूट सांगतो. लावणीतल्या विरहिणीचा हा प्रवास पाहा. सगनभाऊच्या काळात ती मोहिमेवर गेलेल्या शिपायासाठी झुरत होती. दीडशे वर्षांनी ती गिरणीत गेलेल्या कामगारासाठी झुरू लागली. १९६९ साली १८ जुलैला अण्णाभाऊ गेले आणि २९ ऑगस्टला मोटार अपघातात अमर शेख गेले. सहा आठवड्यांत दोन्ही आवाज थांबले.

सिनेमाचंही एक उदाहरण देतो. १९४१ साली प्रभातनं व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली 'शेजारी' काढला, हिंदीत 'पडोसी'. दोन जिवलग शेजारी, एक हिंदू आणि एक मुसलमान. धरणाच्या कामावरून त्यांच्यात वितुष्ट आणलं जातं आणि शेवटी धरण फुटताना दोघं हात धरून मरतात. पाकिस्तानचा ठराव त्याआधी वर्षभरच झाला होता. 'पडोसी'मध्ये हिंदू ठाकूरची भूमिका मजहर खान यांनी केली आणि मुसलमान मिर्झाची गजानन जागीरदारांनी. भाषण न देता शांतारामबापूंनी सांगायचं ते पात्रनिवडीतून सांगितलं. पुढे 'लोकशाहीर राम जोशी' १९४७ साली आला, होनाजीवरचा 'अमर भूपाळी' १९५१ साली आला, आणि शाहीर हा मध्यमवर्गाच्या घरातही मानाचा झाला. सगनभाऊच्या वाट्याला मात्र तशी लोकप्रियता आली नाही. यामागे कुणाचा कट होता असं मी म्हणत नाही. पण लोकप्रिय संस्कृती काय लक्षात ठेवते याइतकंच ती काय बाजूला ठेवते, हेही विद्यार्थ्यांनी नोंदवायला हवं.

आता पुन्हा त्या परिषदेकडे. वेगवेगळ्या विषयांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून असे निबंध वाचायचे, ही पद्धत आपल्याकडे नवी वाटते. तिचं एक मोठं मूळ इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात आहे. १९६४ साली रिचर्ड हॉगर्ट यांनी तिथं समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचं केंद्र काढलं. पुढे स्टुअर्ट हॉल त्याचे प्रमुख झाले. हॉल १९३२ साली जमैकात जन्मले, १९५१ साली इंग्लंडात शिकायला आले. त्या केंद्रात विद्यार्थी गट करून काम करत, निबंध मिळून लिहीत आणि साध्या चक्रमुद्रित प्रतींत काढत. पोरांचे पोशाख, पॉप गाणी, टीव्हीच्या बातम्या, अशा ज्या गोष्टींना विद्यापीठात कुणी विचारत नव्हतं, त्यांचा त्यांनी गंभीरपणे अभ्यास केला. २००२ साली विद्यापीठानं ते बंद केलं; २०१४ साली हॉल गेले. हॉल यांनी मांडलेली एक गोष्ट मला पटते. माणसाची सांस्कृतिक ओळख ही कुठं तरी तयार पडलेली वस्तू नव्हे. ती इतिहासातून सतत घडत राहते. वसाहतीतून आलेल्या काळ्या माणसाला हे इंग्लंडात 'तू कुठला?' हा प्रश्न ऐकून ऐकून कळलं असावं. मला ते सगनभाऊ आणि अमर शेख यांच्याकडून कळलं.

आपल्या विद्यापीठांत शाहिराचे तुकडे झालेले आहेत. मराठी विभागात त्याच्या लावणीचे अलंकार शिकवतात. इतिहास विभाग त्याच्या पोवाड्याला 'विश्वासार्ह साधन नव्हे' म्हणून बाजूला ठेवतो, किंवा घटना तेवढ्या उचलून घेतो. समाजशास्त्र त्याची जात विचारतं. संगीत विभाग त्याची चाल अभिजात नाही म्हणून दाराबाहेर ठेवतो. आणि त्याला किती बिदागी मिळाली हे तर कुणीच विचारत नाही. मराठीवाल्याला शिकलगारी ठाऊक नसते, इतिहासवाल्याला चाल ठाऊक नसते. त्यामुळे मेळ्यांनी टोळ्यांची चाल उचलली तेव्हा काय घडलं, हे कुणा एकाला दिसत नाही. म्हणून वाणिज्यच्या त्या दोन मुलांचा निबंध मला मोलाचा वाटला. तिकीट कोण काढतं, पुढच्या रांगेत कोण बसतं, पाऊस लागला तर फडाचं कर्ज कोण फेडतं, हे कळल्याशिवाय त्या रात्रीच्या गाण्याचा अर्थ पुरता कळत नाही.

हे काम आधी कुणी केलंच नाही असं नाही. हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ हा मुंबई महापालिकेचा इंग्रज आयुक्त. त्यानं शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर गावोगावच्या गोंधळ्यांकडून पोवाडे मिळवले आणि १८९१ साली छापले. य. न. केळकरांनी १९२८ साली 'ऐतिहासिक पोवाडे'चा पहिला खंड काढला. म. वा. धोंडांनी १९५६ साली 'मऱ्हाटी लावणी' लिहून लावणीकडे बघायची दृष्टीच बदलली. ही माणसं होऊन गेली म्हणून निदान शब्द तरी हाती राहिले. चाली मात्र पुष्कळ गेल्या. यमुनाबाई वाईकर २०१८ साली गेल्या, सुलोचना चव्हाण २०२२ साली गेल्या. २०२३ साली ज्या गीताला आपण राज्यगीत केलं ते राजा बढ्यांचं, श्रीनिवास खळ्यांच्या चालीचं आणि शाहीर साबळ्यांच्या आवाजातलं. म्हणजे सरकारी समारंभातही आपली ओळख सांगायला आपल्याला शाहीरच लागला. मग बाकीच्या शाहिरांची आठवण ठेवायला काय हरकत आहे?

त्या मुलीला मी उत्तर दिलं ते असं. "'आधी' हा शब्द तू प्रश्नातून काढून टाक, मग प्रश्न चांगला आहे. मी मराठी कसा आणि मुसलमान कसा, हे विचार. त्याचं उत्तर द्यायला मला दिवस पुरणार नाही, पण देता येईल. 'आधी काय' याचं उत्तर मला एका शब्दात देता येईल, पण ते कोणतंही दिलं तरी खोटं असेल." तिनं ते वहीत लिहून घेतलं. तिच्या शेजारच्या मुलानं मात्र हात वर करून विचारलं, "पण सर, लोक तर 'आधी'च विचारतात. घर भाड्यानं घेताना, नोकरीला जाताना. तिथं हे उत्तर चालेल का?" मुलाचं म्हणणं बरोबर होतं. तिथं हे उत्तर चालत नाही. घरमालकाला शाहिरी ऐकवून घर मिळत नाही. इतिहास सांगून आजचा अन्याय मिटत नाही. त्यासाठी कायदा लागतो, चांगला शेजार लागतो. पण 'हे असंच चालत आलंय' असं जेव्हा कुणी सांगतं, तेव्हा 'नाही, हे असंच चालत आलेलं नाही' असं पुराव्यानिशी सांगता येणं, एवढं इतिहास करू शकतो. ते थोडं नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. तुमच्या गावात जुना फड असेल, कलगीवाल्यांचं नाहीतर तुरेवाल्यांचं घर असेल, तर तिथं जा. त्या घरांत अजून लावण्यांची बाडं असतात. कुठं मोडीतली, कुठं शाळेच्या वहीत उतरवलेली. घरच्यांची परवानगी घेऊन त्यांचे फोटो काढा. म्हातारा शाहीर असेल तर त्याची चाल फोनवर ध्वनिमुद्रित करा. मराठीच्या मुलानं शब्द लिहावेत, संगीताच्या मुलीनं चाल लिहावी, इतिहासाच्या मुलानं साल शोधावं, वाणिज्यच्या मुलानं बिदागी विचारावी. गुरू कोण, जोडीदार कोण, ढोलकीवर कोण होतं, कुठल्या उरुसात आणि कुठल्या जत्रेत गायलात, हे विचारा. म्हातारा बोलायला लागला की एका नावामागून दुसरं नाव येईल. ती सगळी नावं, ज्या क्रमानं तो सांगेल त्याच क्रमानं, लिहून घ्या.